कामगार कोणाला म्हणायचे?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता एकाच दिवशी अमलात आणल्या आणि २९ जुने कामगार कायदे त्यांच्या पोटात घातले. त्यानंतर द्वारसभांतून व पत्रकांतून या संहितांवर जी टीका झाली ती मुख्यत: कारखाना बंद करण्याच्या परवानगीची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेल्याबद्दल, संपाच्या नोटिशीचे बंधन सर्व उद्योगांवर सरसकट लादल्याबद्दल आणि मुदतबंद नेमणुकीला कायद्याची प्रतिष्ठा दिल्याबद्दल झाली. ही टीका रास्त आहे आणि ती होत राहिलीच पाहिजे. परंतु या साऱ्या तरतुदी ज्या एका शब्दाच्या आधारावर उभ्या आहेत त्या शब्दाकडे आपल्या कार्यकर्त्यांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. तो शब्द ‘कामगार’ हा होय. तो कोणाला लागू व्हावा आणि कोणाला होऊ नये याचा निवाडा औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्याच कलमात, म्हणजे व्याख्यांच्या कलमात होऊन गेला आहे. तेथे ज्याचे नाव गळले त्याच्यासाठी पुढची शंभर कलमे कोरी आहेत.

व्याख्यांचे कलम हे वकिलांचे खाद्य, कार्यकर्त्याने ते ओलांडून पुढे जावे, अशी एक समजूत चळवळीत रुजली आहे. मालकवर्गाची समजूत मात्र तशी नाही. स्वातंत्र्यानंतर मालकांनी, आणि मालकाच्या भूमिकेत वावरणाऱ्या सरकारांनी, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जे खटले लढविले त्यांपैकी कितीतरी खटल्यांत पगार किती द्यावा हा वादाचा विषयच नव्हता. समोर उभा असलेला माणूस कामगार नाही, आमची संस्था उद्योग नाही, आम्ही केली ती कपात नव्हे, एवढेच त्यांना सिद्ध करावयाचे होते. तेवढे सिद्ध झाले की बाकीचे प्रश्न आपोआप मिटतात.

हा खेळ कसा चालत आला ते ‘उद्योग’ या शब्दाच्या चरित्रावरून कळते. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याने या शब्दाची व्याख्या दोन्ही बाजूंनी केली होती. मालकाच्या बाजूने पाहिले तर धंदा, व्यापार, उपक्रम, कारखानदारी. कामगाराच्या बाजूने पाहिले तर सेवा, नोकरी, हस्तव्यवसाय. शब्द ऐसपैस होते आणि ते तसे असण्यातच कामगारांचे हित होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील दोन वॉर्ड-नोकरांना नुकसानभरपाई न देता घरी पाठविण्यात आले, तेव्हा मुंबई सरकारने न्यायालयात असे सांगितले की रुग्णालय हा उद्योगच नव्हे. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. निकालपत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे होते. पण त्याच गजेंद्रगडकरांनी १९६३ साली, दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकांच्या खटल्यात, शिक्षण हा उद्योग नव्हे असा निर्णय दिला. बस चालविणारा काही वर्गात व्याख्यान देत नव्हता. तो बसच चालवीत होता. तरी विद्येच्या पावित्र्याचा शिंतोडा त्याच्या अंगावर उडाला आणि त्याची भरपाई बुडाली. याच काळात सॉलिसिटरच्या पेढीतले कारकून, मद्रासच्या जिमखान्याचे नोकर, मुंबईच्या क्रिकेट क्लबचे नोकर असे एकेक गट उद्योगाच्या बाहेर काढण्यात आले, आणि १९७० मध्ये दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात रुग्णालयेही बाहेर गेली. जे. जे.मधील वॉर्ड-नोकर दहा वर्षांत जेथून निघाला होता तेथेच येऊन पोहोचला.

२१ फेब्रुवारी १९७८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात हे चक्र उलटे फिरविले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलेली कसोटी कोणाही कार्यकर्त्याला तोंडपाठ असावी इतकी सोपी आहे. काम पद्धतशीर चालते का, ते मालक आणि कामगार यांच्या सहकार्याने चालते का, आणि त्यातून माणसांच्या गरजा भागविणाऱ्या वस्तू वा सेवा निर्माण होतात का? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर तो उद्योग. नफा मिळविण्याचा हेतू आहे की नाही, हे पाहावयाचे कारण नाही. रुग्णालय, विद्यापीठ, क्लब, धर्मादाय संस्था, सगळे आत आले. बाहेर राहिली ती राज्यसंस्थेची खरीखुरी सार्वभौम कार्ये, आणि तीही काटेकोर अर्थाने.

या निकालाने सत्ताधाऱ्यांची झोप उडाली असली पाहिजे, कारण १९८२ सालीच संसदेने व्याख्या बदलणारी दुरुस्ती संमत केली आणि रुग्णालये, शिक्षणसंस्था, धर्मादाय संस्था, घरगुती नोकरी यांना वगळून टाकले. गंमत अशी की ही दुरुस्ती कधीच अमलात आली नाही. वगळलेल्या नोकरांच्या तंट्यांसाठी दुसरी यंत्रणा उभारली पाहिजे होती. ती उभारली गेली नाही आणि अधिसूचना निघाली नाही. म्हणून कृष्ण अय्यरांची व्याख्या चार दशके जिवंत राहिली, संसदेच्या इच्छेने नव्हे तर सरकारच्या आळसाने. २००५ मध्ये पाच न्यायाधीशांनी तिच्यावर शंका घेतली, २०१७ मध्ये प्रश्न नऊ न्यायाधीशांकडे सोपविण्यात आला. दरम्यान सरकारने आपल्या पायाखालची वाट मोकळी करून घेतली. २३ सप्टेंबर २०२० रोजी, विरोधी पक्ष सभागृहाबाहेर असताना, राज्यसभेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली.

त्या संहितेतील ‘उद्योग’ वाचून पाहावा. कृष्ण अय्यरांची कसोटी वरच्या परिच्छेदात जवळजवळ तशीच ठेवली आहे आणि खाली चार पोटकलमांत तिची वाट लावली आहे. धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवेत पूर्णत: किंवा बहुतांशी गुंतलेल्या संघटनांच्या संस्था वगळल्या. सरकारची सार्वभौम कार्ये वगळली. घरगुती नोकरी वगळली. चौथे पोटकलम असे की केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील ते कोणतेही अन्य काम वगळता येईल. म्हणजे संसदेने व्याख्या केली आणि तिच्यावर खोडरबर फिरविण्याचा अधिकार मंत्रालयातील सचिवाच्या टेबलावर ठेवून दिला.

महाराष्ट्रात या पहिल्या पोटकलमाचा अर्थ काय होतो? आपल्याकडील खाजगी अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये, त्यांना जोडलेली रुग्णालये, शहरोशहरीची तारांकित वाटावीत अशी इस्पितळे यांपैकी पुष्कळशा संस्थांचे मालक सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले आहेत. प्रवेशशुल्काचे आकडे पाहून परोपकाराची व्याख्या करावयाची झाली तर या राज्याइतका परोपकारी प्रदेश पृथ्वीवर सापडणार नाही! संस्था ‘बहुतांशी’ परोपकारी आहे की नाही हे न्यायालय तपासील हे खरे. पण तपासणी होईपर्यंत त्या रुग्णालयातल्या आया, लिफ्टमन, प्रयोगशाळेतला मदतनीस यांनी दहा वर्षे काय खावे? वाद उभा करता येणे हाच मालकाचा विजय असतो. ‘सार्वभौम कार्य’ या शब्दांचेही तसेच. पुण्याजवळच्या पाचगाव पर्वतीच्या डोंगरावर झाडे लावणाऱ्या मजुरांविरुद्ध महाराष्ट्राच्या वनखात्याने हाच शब्द वापरला होता. खड्डे खणणे आणि रोपे लावणे हे सार्वभौमत्वाचे लक्षण नव्हे, एवढे ठरवून घेण्यासाठी त्या मजुरांना १९९५ पर्यंत, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

एवढ्याने भागत नाही. संस्था उद्योग ठरली तरी तिच्यातला माणूस कामगार ठरलाच असे नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण गोव्याचे आहे. तेथील एका मिशनरी शाळेतील शिक्षिकेला नोकरीवरून कमी केले गेले आणि तिचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. १९८८ मध्ये न्यायालयाने म्हटले की शाळा हा उद्योग खरा, पण शिक्षक हा कामगार नव्हे. कारण त्याचे काम अंगमेहनतीचे नाही, कारकुनी नाही, तांत्रिक नाही, पर्यवेक्षणाचे नाही, ते एक उदात्त व्रत आहे. त्याच शाळेची घंटा वाजविणारा शिपाई कामगार, फीची पावती फाडणारा कारकून कामगार, आणि शिकविणारी बाई व्रतस्थ. व्रतस्थ माणसाला औद्योगिक न्यायालयाचे दार उघडता येत नाही. २००४ मध्ये याच तर्काने शिक्षकांची ग्रॅच्युइटी नाकारण्यात आली. त्या वेळी शिक्षक संघटना गप्प बसल्या नाहीत, म्हणून २००९ साली संसदेला ग्रॅच्युइटीच्या कायद्यातील व्याख्या १९९७ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने बदलावी लागली, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. हजारो शिक्षकांच्या आयुष्याची पुंजी व्याख्येतल्या दोन-चार विशेषणांनी बुडाली आणि ती विशेषणे काढून टाकल्यावर परत आली. शब्दांनी पोट भरत नाही असे म्हणणाऱ्या साथींनी या हिशेबाचा विचार करावा.

‘कपात’ या शब्दाची कथा याहून लांब आहे, आणि ती आपल्या बार्शीपासून सुरू होते. १९५३ च्या दुरुस्तीने कामगार कपातीची नुकसानभरपाई कायद्यात आली आणि कपातीची व्याख्या करताना संसदेने लिहिले की शिक्षा म्हणून काढून टाकणे सोडून, मालकाने कोणत्याही कारणाने नोकरी संपविली तर ती कपात. ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द शाळकरी मुलालाही कळावेत. १९५३ च्या अखेरीस बार्शी लाइट रेल्वे सरकारच्या ताब्यात गेली आणि कंपनीने आपल्या सर्व नोकरांना सेवामुक्तीच्या नोटिसा दिल्या. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की ही कपात नव्हे. कपात म्हणजे चालू धंद्यातील जादा माणसे कमी करणे, आणि येथे तर धंदाच कंपनीच्या हातून गेला. ‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांचा अर्थ ‘एका विशिष्ट कारणाने’ असा झाला. संसदेने लगोलग नवी कलमे घालून हस्तांतर आणि बंदी यांसाठी वेगळी भरपाई दिली. पुढे १९७६ मध्ये, नेमणुकीच्या हुकुमातच नोकरी संपण्याची तारीख घातलेल्या एका बँक कर्मचाऱ्याच्या खटल्यात, कृष्ण अय्यरांनी त्या शब्दांना त्यांचा साधा अर्थ परत दिला: मुदत संपली म्हणून काढले तरी ती कपातच. १९९० मध्ये पाच न्यायाधीशांनी तोच अर्थ कायम केला. पण तोवर उशीर झाला होता. १९८४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने करार संपल्यामुळे जाणारी नोकरी कपातीतून वगळली होती. आणि २०२० च्या संहितेने मुदतबंद नेमणुकीची मुदत संपणे ही कपात नव्हे असे स्वच्छ लिहून सत्तर वर्षांच्या या झटापटीवर पडदा टाकला.

मुदतबंद कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळेल, त्याला कायम कामगाराइतकेच वेतन मिळेल, असे या तरतुदीचे समर्थक सांगतात. संहितेत तसे आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण दर वर्षाच्या शेवटी ज्याची नोकरी मालकाच्या स्वाक्षरीवर लोंबकळते तो संघटनेचे सभासदपत्र भरील का, ओव्हरटाइमच्या दुप्पट दराची मागणी करील का, याचे उत्तर वाळूजला वा चाकणला कोणत्याही कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून मिळेल. ज्याला काढण्यासाठी कारण द्यावे लागत नाही आणि काढले तरी ज्याला ‘काढले’ असे म्हणता येत नाही, असा कामगार तयार करण्यासाठी केवढा मोठा कारखाना लागला असता! तो एका पोटकलमात उभा राहिला.

कामगाराच्या व्याख्येतही असाच एक बारीक बदल आहे, तो दोन कायदे शेजारी ठेवून वाचल्याशिवाय दिसत नाही. १९४७ च्या कायद्यात कामगार म्हणजे कोणीही व्यक्ती, ‘शिकाऊ उमेदवारासह’. २०२० च्या संहितेत कामगार म्हणजे कोणीही व्यक्ती, शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालचा ‘शिकाऊ उमेदवार वगळून’. कंसातला एक शब्द बदलला. शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा त्यांना कामगार मानीत नाही हे आधीपासून खरे आहे. परंतु औद्योगिक कलहाच्या कायद्याची फट तेवढी उघडी होती, ती लिंपली गेली. आज कारखान्यांतून कायम कामगारांच्या शेजारी त्याच यंत्रावर, त्याच पाळीत, विद्यावेतनावर राबणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या कंसाची किंमत सांगावी लागणार नाही. राज्य सरकारनेही २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना काढून बारावी झालेल्याला सहा हजार, आयटीआय वा पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार विद्यावेतनावर कचेऱ्यांतून बसविले. काम टेबलावरचे, हजेरी रोजची. नाव मात्र प्रशिक्षणार्थी.

येथे कोणी म्हणेल की कायदा म्हटला की मर्यादा आल्या, शब्द कोठेतरी थांबणारच. मान्य. पण तो कोठे थांबतो आणि कोठे धावतो हे पाहिले पाहिजे. हक्क देणारा ‘कामगार’ हा शब्द जी संहिता आकसून घेते तीच संहिता शिक्षा देणारा ‘संप’ हा शब्द ताणून मोठा करते. जुन्या कायद्यात संप म्हणजे एकत्रितपणे काम थांबविणे. नव्या संहितेत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एखाद्या दिवशी एकत्रितपणे किरकोळ रजा घेतली तरी तो संप, आणि चौदा दिवसांची नोटीस दिली नसेल तर बेकायदा संप. पूर्वी नोटिशीचे हे बंधन लोकोपयोगी सेवांपुरते होते. आता खिळे बनविणाऱ्या कारखान्यालाही ते लागू आहे.

आणि या दुटप्पीपणाचा कळस पाहावयाचा असेल तर मार्च २०१८ आठवावा. अंगणवाडी सेविका सरकारी नोकर नाहीत, त्यांना पगार नव्हे मानधन मिळते, असे ज्या राज्य सरकारांनी वर्षानुवर्षे सांगितले त्यांपैकीच एका सरकारने त्या महिन्यात अंगणवाडी सेविकांना ‘मेस्मा’ म्हणजे अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा लावला. आदल्या वर्षी त्यांनी दीर्घ संप केला होता, त्याचे हे उत्तर. गदारोळ झाला आणि मुख्यमंत्र्यांना त्या आदेशाला स्थगिती द्यावी लागली. पण सरकारच्या मनात काय होते ते उघडे पडले. वेतन मागू लागली की ती स्वयंसेवी समाजकार्यकर्ती; काम थांबविले की ती इतकी अत्यावश्यक की तिला तुरुंगात घालावे लागते.

स्त्रियांच्या श्रमाला आपल्या राज्यात जी नावे मिळाली त्यांचा एक कोशच करता येईल. इंग्रजी कायद्यातला ‘वर्कमन’ हा पुरुष होता; २०२० च्या संहितेने त्याचा ‘वर्कर’ केला याबद्दल तिला श्रेय देऊ. मराठीतला ‘कामगार’ मुळातच स्त्री-पुरुष भेद करीत नाही. पण स्त्री कामाला लागली की मराठी सरकारी कागद तो शब्द टाळतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्यातून ‘सेविका’ आणि ‘मदतनीस’ निर्माण झाल्या. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आल्या, त्या तर ‘स्वयंसेविका’. २००० सालानंतर शाळांतून ‘शिक्षणसेवक’ आले, त्यांत पुरुषही होते. सेवेचा प्रसाद त्यांनाही मिळाला. सेवा, स्वयंसेवा, मदत, मानधन! शब्द सोज्वळ, पण त्यांच्या आडून किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन या तिन्ही गोष्टी चुकविल्या गेल्या. ज्याला मान द्यावयाचा त्याला धन कमी दिले तरी चालते असा हा समास आहे.

हा समास न्यायालयाने एकदा फोडला आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने, गुजरातमधील अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या दाव्यात, असे ठरविले की अंगणवाडी ही आस्थापना आहे, सेविका व मदतनीस कर्मचारी आहेत, त्यांचे मानधन हे ग्रॅच्युइटीच्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, आणि म्हणून त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. २००६ मध्ये कर्नाटकच्या खटल्यात त्यांच्या विरुद्ध गेलेला निकाल त्या मुलकी पदावर नाहीत एवढेच सांगत होता; त्याचा आधार घेऊन सर्व दारे बंद करण्यात आली होती. त्याआधी २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने, म्हणजे सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय व्यासपीठाने, योजनांवर काम करणाऱ्या या सर्वांना कामगार मानावे अशी शिफारस केली होती. ती शिफारस धूळ खात पडली.

आता आपल्याच मंडळींशी दोन शब्द. ‘मानधनात वाढ झालीच पाहिजे’ ही घोषणा मोर्च्यांतून आजही घुमते. तातडीची मागणी म्हणून ती समजण्यासारखी आहे. चुलीवरचे भांडे व्याख्या बदलण्याची वाट पाहत नाही. पण प्रत्येक वेळी वाढीव मानधनाचा शासननिर्णय हातात घेऊन परतताना आपण ‘मानधन’ या शब्दावर कामगारांच्या बाजूची सही करून येतो, हे कोणीतरी सांगावयास हवे. निवेदनात ‘वेतन (ज्याला शासन मानधन म्हणते)’ एवढे लिहिण्यास किती शाई लागते? पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० मध्ये संघटना उभारली तेव्हा त्यांना कोणी कामगार म्हणत नव्हते. तो आग्रह त्यांनी धरला, आणि महाराष्ट्राच्या २००८ च्या कायद्याच्या नावातच ‘घरेलू कामगार’ हे शब्द आले. त्या कायद्याचे मंडळ किती निष्प्रभ राहिले ते वेगळे सांगायला नको. तरीही मुंबईचे विधिमंडळ जिला कामगार म्हणते तिला दिल्लीची संहिता उद्योगाच्या उंबऱ्याबाहेर उभी करते, ही विसंगती दाखविता येते ती त्या शब्दामुळेच.

शेवटी मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोहोचविणारा तरुण. कंपनी त्याला ‘पार्टनर’ म्हणते. भागीदाराला नफ्यात वाटा असतो, याला पावसात दंड असतो. सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ हा शब्द प्रथमच कायद्यात आणला म्हणून सरकारने स्वत:ची पाठ थोपटून घेतली. व्याख्या काय आहे? पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर काम करून कमावणारी व्यक्ती. या चार शब्दांत काय घडले ते नीट पाहावे. आजवर मालक-नोकर संबंध आहे की नाही हा पुराव्याचा प्रश्न होता. १९५६ मध्ये सौराष्ट्रातील मिठागरांवरचे अगरिये, १९७३ मध्ये नगावर कपडे शिवणारे शिंपी, १९७८ मध्ये कंत्राटदाराच्या नावावर दाखविलेले केरळमधील दोरखंड कारखान्याचे मजूर, या सर्वांच्या मालकांनी ‘हे आमचे नोकर नव्हेत’ असेच सांगितले होते आणि प्रत्येक वेळी न्यायालयाने कागद बाजूला सारून काम कोणाच्या ताब्यात चालते ते पाहिले होते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांबाबत हेच केले: कंपनीने लिहिलेल्या करारापासून सुरुवात करावयाची नाही. आपल्या संहितेने मात्र कंपनीचा बचाव उचलून थेट व्याख्येत बसविला. बदल्यात कंपनीने वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, आणि तेही कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या आत, एका निधीत टाकावयाचे आहेत. किमान वेतन नाही, कामाचे तास नाहीत, खाते अचानक बंद केले तर दाद नाही.

दुसरे काही शक्य नव्हते, असे कोणी सांगू लागला तर त्याला १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा वाचायला द्यावा. मुंबईच्या गोदीबाहेरचा, बाजारातला माथाडी आज या व्यापाऱ्याची तर उद्या त्या व्यापाऱ्याची गोणी उचलीत होता. त्याचा एक मालक दाखविता येत नव्हता. टोळी होती, मुकादम होता. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने आणि पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने ज्या माणसांना उभे केले त्यांना तेव्हाच्या कायद्यांत जागा नव्हती. त्या कायद्याने काय केले? मालक सापडत नाही म्हणून माणसाला बाहेर ठेवले नाही. कोणाही मालकाने वा कंत्राटदाराने नेमलेला नसला तरी त्याच्या परवानगीने वा त्याच्याशी ठरवून काम करणारा माणूसही कामगार, अशी व्याख्या केली. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरावी, मंडळाने भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस पाहावा, अशी व्यवस्था झाली. मंडळांत आज जो सावळागोंधळ आहे त्याच्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. पण व्याख्या खोटी नव्हती.

विडी कामगारांचेही तेच. १९६० मध्ये नागपूरचे विडी कामगार सर्वोच्च न्यायालयात कारखाना कायद्याखालचे कामगार ठरले आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातील दुसऱ्या एका कारखान्याचा विडी कामगार, वाटेल तेव्हा येऊ-जाऊ शकतो म्हणून, बहुमताने कामगार ठरला नाही. तंबाखू तीच, पान तेच, बोटे तशीच. न्यायालयांच्या या हेलकाव्यातून सुटका झाली ती १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने. घरी बसून विड्या वळणारी बाईही कामगार, असे त्याच्या व्याख्येने निर्विवाद केले. तो कायदाही आता संहितेत विरघळला आहे.

तेव्हा आगामी शिबिरांतून आणि निवेदनांतून ‘काळे कायदे मागे घ्या’ या मागणीच्या खाली नेमके शब्द लिहिले जावेत. ‘उद्योग’च्या व्याख्येतील चौथे पोटकलम संपूर्ण काढून टाकावे, आणि पहिल्या पोटकलमातून शुल्क आकारणारी रुग्णालये व शिक्षणसंस्था वगळाव्यात. ‘कामगार’च्या कंसातील ‘वगळून’ काढून ‘सह’ घालावा. ‘संप’मधून किरकोळ रजेचे वाक्य गाळावे. गिग कामगाराच्या व्याख्येतील ‘पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर’ हे शब्द रद्द करून त्या जागी माथाडी कायद्यातील शब्दयोजना आणावी. अंगणवाडी व आशा यांची नावे कामगाराच्या व्याख्येत श्रमिक पत्रकारांप्रमाणे नामनिर्देशाने घालावीत. संहितेने पत्रकारांना आणि विक्री प्रतिनिधींना असे नाव घेऊन आत घेतलेच आहे. आणि ज्या कार्यकर्त्यांच्या तालुक्यात सेविका निवृत्त होत आहेत त्यांनी २०२२ च्या निकालाची प्रत घेऊन ग्रॅच्युइटीचे अर्ज नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे आजच भरून घ्यावेत. अर्जाच्या नमुन्यात ‘अखेरचे वेतन’ असा रकाना आहे. तेथे मानधनाचा आकडा घालावा.